पहिलं नाव माझं

पारनेर,
२२ जानेवारी २०२५

ज्ञानेश्वरी,

तू मला ब्लॉक केलंस, पण पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही. तुझा धडगावचा पत्ता आपल्या ज्योतीकडून काढला. तिच्यावर चिडू नकोस, दोन दिवस तिच्या झेरॉक्सच्या दुकानासमोर गाडी लावून बसलो तेव्हा कुठे तिनं दिला. पत्रं नको असतील तर एका कार्डावर 'नको' एवढंच लिही, मी थांबेन. तोवर लिहिणार.

दीड वर्ष झालं. एमएसडब्ल्यूचं दुसरं वर्ष चालू असताना मी सरांच्या टेबलावरच क्षेत्रकार्याची वही टराटरा फाडली आणि निघालो. तू गेटपर्यंत मागे आलीस आणि म्हणालीस, "तुझ्या सगळ्या वह्यांत तूच आहेस गोरक्ष. ज्यांच्या घरी गेलास ते लोक कुठं आहेत?" त्यावर मी जे बोललो ते इथं परत लिहीत नाही. तुझ्या लक्षात असेलच.

आता मी पारनेरच्या एका संस्थेत क्षेत्र कार्यकर्ता आहे. बालविवाह, शाळा सुटलेली पोरं, माहेरी टाकून दिलेल्या बायका, असली कामं. आमच्या वरिष्ठ समाजकार्यकर्त्या शरिफा आपा, मूळच्या काष्टीच्या. त्यांची आई काष्टीच्या आठवडे बाजारात बांगड्या भरायची, त्यामुळे दहा गावांतल्या बायकांच्या मनगटांची मापं त्या घराला पाठ. आपा एकोणीस वर्षं हे काम करतात. स्कूटीवर हिंडतात, आवाज चढवत नाहीत आणि भांडणात दोन घरं असली तर एकतर दोन्हीकडे चहा घेतात, नाहीतर कुठेच नाही.

परवाच्या रविवारी आम्ही एक लग्न थांबवलं. मुलगी सोळाची, दहावीत. तिला इथं रेश्मा म्हणतो आणि वडलांना हनुमंतभाऊ. खरी नावं बाहेर लिहायची नसतात हे मला अजून आठवतंय, सर भेटले तर सांग. तसा तो साखरपुडा होता, पण आपल्याकडची रीत तुला माहीत आहे. पाहुणे जमलेत, भटजी आलेत, चूल पेटलीय, मग साखरपुड्यातच उरकून घेऊ म्हणतात आणि तासाभरात पोरगी सासरी. मुलाकडचे राहात्याचे, मुलगा चोवीसचा, स्वतःचा टेम्पो.

मी तिथं आधीच हजर होतो. आपांना यायला चाळीस मिनिटं लागणार होती. तेवढा वेळ मी एकट्यानं अख्खा मंडप रोखून धरला. माइक हिसकावला, कायदा सांगितला. नवरदेवाचा मामा अंगावर आला, त्याला असा ढकलला की तीन खुर्च्या मोडल्या. आमच्यातल्या एकानं तिथं फेटा बांधून घेतला होता, त्यावरून जरा घोळ झाला, पण ते सोड. लग्न मोडलं. म्हणजे थांबलं. 'मोडलं' हा शब्द आपा वापरू देत नाहीत.

आणि एवढं सगळं करून चारचौघांत अपमान कुणाचा झाला, तर माझा. आपांनी केला. कसा ते लिहीत नाही. वर सोमवारी सकाळी म्हणतात, "घडलं ते तुझ्या हातानं लिहून शनिवारपर्यंत दे. नाही दिलंस तर सोमवारी येऊ नकोस." मी येणारही नाही बहुतेक.

ऑफिसच्या भिंतीवर एक जाहिरात लावलीय, वरिष्ठ समाजकार्यकर्त्याची दुसरी जागा निघाली आहे. रागारागात म्हटलं आपणच अर्ज करू, आपांच्या बरोबरीला बसू. पात्रता: समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, पाच वर्षं प्रत्यक्ष काम, त्यातली दोन कनिष्ठांवर देखरेखीची. मी पहिल्याच ओळीत बाद. कामाचं स्वरूप म्हणून गृहभेटी, अहवाल, पाठपुरावा, शासकीय यंत्रणेशी समन्वय असं काय काय छापलंय. स्वतःच्या माणसाचा पाणउतारा करणे हे छापायचं राहिलं.

गोरक्ष


पारनेर,
११ फेब्रुवारी

ज्ञानेश्वरी,

तुझं कार्ड मिळालं. दोन वाक्यं. "पत्र मिळालं. फेटा कुणी बांधून घेतला ते लिहिलं नाहीस."

मी.

चार दिवस ते कार्ड शर्टाच्या खिशात घालून फिरलो आणि तुला शिव्या घातल्या. आता सगळं लिहितो.

अंगणवाडीच्या बायडाबाईंनी आपांना आधीच कळवलं होतं, की साखरपुडा आहे म्हणतात पण भटजींना लग्नाचं सामान आणायला सांगितलंय. आपांना त्या दिवशी नगरला बैठक होती, म्हणून त्यांनी मला पाठवलं. निघताना म्हणाल्या, "बसायचं, बघायचं, अंतरपाट किंवा अक्षता दिसल्या की त्याच मिनिटाला फोन करायचा. खायचं नाही, घ्यायचं नाही, बोलायचं नाही." मी म्हटलं, हे काय काम झालं, हे तर खांबही करेल.

मंडपात गेलो तर हनुमंतभाऊंच्या मेहुण्यानं मला ओळखलं. पक्का माणूस. पाचव्या मिनिटाला माइकवर, "पारनेरहून आपल्या आग्रहाखातर आलेले, संस्थेचे साहेब, गोरक्षभाऊ साहेब, यांचा फेटा बांधून सत्कार होतोय. साहेबांनी पुढं यायचं हाय."

ज्ञानेश्वरी, मला आजवर कुणी साहेब म्हटलेलं नाही. कॉलेज सोडल्यापासून घरी आमचे आण्णा माझ्याशी आईमार्फत बोलतात, "त्याला म्हणावं गाडी आत घे." आणि इथं दोनशे माणसं वळून बघत होती. गेलो पुढं. लाल फेटा, खरा, आठ-नऊ मीटरचा, तुरा काढलेला. परत खुर्चीवर येऊन मोबाईल काढला आणि फोटो घ्यायला लागलो. ज्योतीला पाठवणार होतो, म्हणजे ती तुला दाखवेल. डावीकडून चांगला येत नव्हता, उजवीकडून घेतला. तुरा कापला जात होता, हात लांब करून घेतला. फोटो मोठा करून बघितला तर त्यात माझ्या डाव्या मुठीत काहीतरी पिवळं दिसत होतं.

अक्षता. कुणीतरी ताट घेऊन फिरला होता आणि मी मान वर न करता हात पुढे केला होता. किती वेळ झाला होता मला माहीत नाही. दहा मिनिटं असतील. समोर अंतरपाट धरलेला होता.

फोन केला तेव्हा आपा बैठक संपवून वाटेलाच लागलेल्या. म्हणाल्या, "मुलीजवळ जाऊन उभा राहा. बाकी काही करू नकोस." मी मुलीकडे गेलोच नाही. माइककडे गेलो. ओरडलो, ढकललं, खुर्च्या मोडल्या, हे सगळं खरं. मागच्या पत्रात लिहिलं नाही ते हे, की त्या दंग्यात मुलाकडच्यांनी रेश्माला उचलून जीपमध्ये बसवलं. माझ्या भाषणामुळे त्यांना ती संधी मिळाली. मी तिच्याजवळ उभा असतो तर मिळाली नसती.

मंडप रोखला तो बायडाबाईंनी. त्यांनी खिडकीतून हात घालून जीपची चावी काढली, पदराच्या टोकाला गाठ मारली आणि पदर खोचून बोनेटला टेकून उभ्या राहिल्या. "घ्या की चावी. पदराला हात लावायला कोण येतंय ते बघू दे गावाला." कुणी आलं नाही. साठीची बाई, तीस मिनिटं तशीच उभी होती आणि अधूनमधून माझ्याकडे बघून म्हणत होती, "ओ फेटेवाले, त्या पोरीला पानी तरी द्या."

आपा आल्या. मागे भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक, आणि दोन पोलीस. मला वाटलं आता माइक घेतील. त्या रेश्माला जीपमधून उतरवून थेट स्वयंपाकघरात गेल्या आणि तिच्या आईजवळ पाच-सात मिनिटं बसल्या. मी दारात. तिची आई खाली बघून म्हणाली, "माझं बी पंधराव्या वर्षी झालं. मला कुनी इचारलं न्हाई, म्हनून मी बी हिला इचारलं न्हाई." आपांनी फक्त "मग आता विचारा" म्हटलं. आईनं विचारलं. रेश्मा म्हणाली, "मला परीक्षेला बसायचंय." एवढंच.

मग आपा बाहेर आल्या. नवरदेवाचा मामा वाटच बघत होता. "बाई, तुमचाच मानूस मघाधरनं फेटा बांधून बसलाय, अक्षता घेऊन. आन तुमी आमाला कायदा शिकिवता व्हय?" मंडप हसला. मी पेटलो होतो, म्हटलं आता आपा माझी बाजू घेतील.

आपा ग्रामसेवकाला म्हणाल्या, "भाऊसाहेब, हजर असलेल्यांची नावं लिहायला घ्या. पहिलं नाव, गोरक्ष, आमच्या संस्थेचा कार्यकर्ता. फेटा बांधलेला, हातात अक्षता. लिहिलं?" ग्रामसेवक थबकला. "लिहा. जो ह्या लग्नाला हातभार लावतो त्याला कायदा लागू आहे. आमच्या माणसाला वेगळा नाही." मग मामाकडे वळून अगदी घरातल्यासारखं विचारलं, "आता ह्याच्या खाली कुणाचं घालू? तुमच्यापासून घेऊ का भटजींपासून?"

अक्षता खाली सोडल्याचा आवाज होत नाही. पण मी बघितलं. लोक खुर्चीखाली हात नेत होते, कुणी खिशात टाकत होतं, एका म्हाताऱ्यानं शेजारच्याच्या पिशवीत टाकल्या. आचाऱ्यानं गॅस बंद केला. भटजी म्हणाले मला पुढच्या गावाला उशीर होतोय. आपांनी कुणावर हात उगारला नाही, आवाज चढवला नाही, दुसरं नाव लिहायची वेळच आली नाही. त्या कागदावर एकच नाव राहिलं. माझं.

हमीपत्रावर दोन्ही बापांच्या सह्या झाल्या, मुलगी अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न नाही. आपा हनुमंतभाऊंना म्हणाल्या, "स्वयंपाक झालेला आहे, पाहुण्यांना जेवल्याशिवाय जाऊ देऊ नका." मुलाकडचे मान खाली घालून जेवले, पण जेवले. आम्ही पाणीसुद्धा घेतलं नाही.

निघताना हनुमंतभाऊ आडवे आले. "आमचा फेटा काढा त्याच्या डोक्यावरला." मी काढायलाच लागलो होतो. आपांनी हात धरला. "मान म्हणून बांधलेला फेटा असा परत घेत नाहीत हनुमंतभाऊ, तुमचीच शोभा होईल. माझ्याकडे ठेवते. पोरीचा निकाल लागला की न्यायला या. मग कुणाला बांधायचा तो बांधा." ते थुंकले. आपांनी फेट्याची घडी घालून स्कूटीच्या डिकीत ठेवली.

अहवाल तीनदा लिहिला. पहिला अकरा पानांचा होता. आपांनी पेन्सिलीनं गोल करून परत दिला, चौसष्ट गोल, प्रत्येक गोलात 'मी'. दुसऱ्या वेळी चिडून मी स्वतःला काढूनच टाकलं. तो वाचून म्हणाल्या, "आता तू कुठं गेलास? फेटा काय हवेत बांधला होता?" त्या कागदाला मी दोन्ही हातांनी धरलं होतं, फाडायच्या तयारीत. तुझी आठवण झाली म्हणून फाडला नाही असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. पण खरं कारण वेगळं. त्यात रेश्माच्या आईचं बोलणं होतं, तिच्याच शब्दांत. ते मला परत तसंच लिहिता आलं नसतं.

तिसरा दोन पानांचा झाला. तो फाइलला लागला. मी कामावर आहे.

गोरक्ष


पारनेर,
१८ मार्च

ज्ञानेश्वरी,

दुसरं कार्ड आलं नाही, आणि 'नको'ही आलं नाही. म्हणून लिहितोय.

काल दहावीची परीक्षा संपली. रेश्मानं सगळे पेपर दिले. हे इतकं सरळ झालेलं नाही. फेब्रुवारीत राहात्याहून फोन सुरू झाले, की परीक्षेनंतर देवळात नेऊन चार माणसांत उरकू. हनुमंतभाऊ डळमळले. बायडाबाईंनी कळवलं. मला वाटलं आता पोलीस घेऊन जायचं. आपा मला घेऊन राहात्याला गेल्या, मुलाच्या घरी. ओसरीवर बसल्या, चहा घेतला. मुलाच्या आईला बांगड्यांचं माप विचारलं, स्वतःच ओळखलं आणि बरोबर निघालं. तासाभरानंतर विषय काढला. मुलगा टेम्पो पुसत होता. आपा त्यालाच म्हणाल्या, "गुन्हा दाखल झाला तर पहिला तू आत. मामा बाहेर राहून जामीन शोधेल." पोरगा आईकडे बघून म्हणाला, "मी तवाच म्हनत हुतो, दोन वर्सं थांबू." त्याचंही कुणी ऐकलेलं नव्हतं. मी त्याला त्या दिवशी माणूस म्हणून बघितलंच नव्हतं, नुसता नवरदेव.

परत येताना हनुमंतभाऊंच्या घरीही थांबलो. तिथंही चहा मागून घेतला आपांनी. हनुमंतभाऊ माझ्याकडे बघतच नाहीत. गावात माझं नाव 'फेटेवाले साहेब' पडलंय. पोरं एसटीच्या खिडकीतून ओरडतात. आधी मी एकाच्या मागे धावलो होतो. आता हात वर करतो.

वाटेत गाडीवर मी आपांना म्हटलं, "तुम्ही जे केलंत ते कुठल्या एमएसडब्ल्यूत शिकवतात? डिग्रीचा काय उपयोग?" मला वाटलं खूश होतील. त्यांनी गाडी बाजूला घ्यायला लावली. म्हणाल्या, "मी दोन लेकरं सांभाळून एमएसडब्ल्यू केलंय. त्याआधीची चार वर्षं मी मनाला येईल ते करत होते आणि लोक बरं म्हणत होते, म्हणून मला ते बरोबर वाटायचं. एक पोरगी मी अशीच समजूत घालून नांदायला परत पाठवली होती. शिकले असते तर पाठवली नसती." त्या मुलीचं पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. "एकोणीस वर्षं नुसती मोजू नको. एकच चूक एकोणीस वर्षं करणारेही असतात. भिंतीवरच्या जाहिरातीत पहिली ओळ पदवीची आहे, ती मीच घालायला लावली."

दर शनिवारी दुपारी त्या आम्हा चौघांच्या फायली घेऊन बसतात. ह्याला देखरेख म्हणतात हे पुस्तकात वाचलं होतं. प्रत्यक्षात आपा एकेका ओळीवर बोट ठेवतात आणि 'हे तुला कुणी सांगितलं?' विचारतात. पण ह्या जिल्ह्यात असं बसवणारं माणूस आमच्याकडे आहे, हे मी परवा आण्णांना सांगितलं. आईमार्फत.

रेश्मा शेवटच्या पेपरनंतर केंद्राबाहेर भेटली. म्हणाली, "साहेब, त्या दिवशी तुमचा फेटा तिरका होता." मग विचारलं, "आपांसारखं व्हायला गणित लागतं का?"

गोरक्ष


पारनेर,
१६ मे

ज्ञानेश्वरी,

निकाल लागला. एकाहत्तर टक्के. गणितात पंचावन्न.

आज सकाळी अकराला हनुमंतभाऊ ऑफिसात आले. बरोबर बायको, रेश्मा आणि पेढ्यांचा पुडा. उंबऱ्यातच उभे राहिले. आपा म्हणाल्या, "या." तर म्हणाले, "बसायला न्हाई आलो. आमचा फेटा हाय तुमच्याकडं."

आपांनी कपाटातून काढून टेबलावर ठेवला. चार महिने तो फायलींच्या वरच्या कप्प्यात होता. दर वेळी काही काढायला गेलो की मला दिसायचा. बहुतेक त्यासाठीच तिथं ठेवला असावा.

हनुमंतभाऊंनी रेश्माला खुर्चीवर बसवलं. ती लाजून म्हणाली, "आप्पा, इथं कशाला?" ते म्हणाले, "गप बस. हलू नको, न्हाईतर तिरका व्हईल." सगळे हसले, मीही. मग त्यांनी घडी मोडली आणि इकडेतिकडे बघायला लागले. लांब कापड आहे ते. दुसऱ्या टोकाला कुणीतरी ताणून धरल्याशिवाय निऱ्या सरळ येत नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, चार महिन्यांत पहिल्यांदा. "धरा की साहेब. उभे काय ऱ्हायलात?"

मी शेवटचं टोक धरलं आणि भिंतीपर्यंत मागे गेलो, त्या जाहिरातीला पाठ लागेपर्यंत. ते तिकडून पीळ देत होते आणि एकेक वेढा बांधत होते. मी एकेक पाऊल पुढे सरकत होतो. रेश्माची आई तोंडाला पदर लावून बघत होती. आपा खिडकीशी उभ्या राहून फाइलमध्ये काहीतरी लिहीत होत्या, खरं म्हणजे डोळे पुसत होत्या, पण मी तसं कुठल्याही अहवालात लिहिणार नाही. तुरा हनुमंतभाऊंनी दोनदा काढला. पहिला त्यांना पसंत पडला नाही.

दुपारी मी कॉलेजचा अर्ज भरला. दुसरं वर्ष पहिल्यापासून करावं लागेल. सरांना भेटायला सोमवारी नगरला जाणार आहे. वही फाडल्याबद्दल काय बोलायचं ते तीनदा लिहून पाहिलं, तिसरं दोन ओळींचं झालं. अर्जाला आपांचं शिफारसपत्र जोडलंय. त्यात माझं कौतुक नाही. लिहिलंय की, "हा कार्यकर्ता स्वतःची चूक स्वतःच्या अक्षरात लिहून देतो. बाकीचं आपण शिकवावं." आणि सोबत तो दोन पानांचा अहवाल आणि ग्रामसेवकाच्या कागदाची प्रत, ज्यावर एकच नाव आहे. मी म्हटलं, आपा, हे जोडलं तर प्रवेश मिळेल का? म्हणाल्या, "हे न जोडता मिळाला तर घेऊ नकोस."

संध्याकाळी घरी आण्णांनी मला थेट विचारलं, "शनिवारी सुट्टी असते का रे तुमच्यात?" नसते म्हटलं. "बरं," म्हणाले.

उत्तर आलं नाही तरी चालेल असं लिहिणार होतो. चालणार नाही. पण थांबेन, आणि तुझ्या गावी येऊन कुणाच्या दुकानासमोर गाडी लावणार नाही.

तू म्हणाली होतीस, ते लोक कुठं आहेत. ह्या पत्रात बघ. खुर्चीवर फेटा बांधून बसलेली आहे ती रेश्मा. दोन्ही हात वर करून तुरा नीट करताहेत ते तिचे वडील. पदर तोंडाला लावून आहे ती तिची आई, खिडकीशी आपा. मी आहे, पण कडेला, टोक धरून. फोटो नाही काढला. माझे दोन्ही हात गुंतले होते.

गोरक्ष